वेशीवरचा वाटाड्या आणि त्याची चुकलेली वाट

कोणतीहि सोय बिनबोभाट चालू असते, तोंवर ती कोणाच्या बळावर चालली आहे याचा विचार आपण करीत नाहीं. नळास पाणी येतें तोंवर खडकवासल्याची आठवण होत नाहीं. आणि संगणकावर निकाल, अर्ज, पत्रें व धडे उघडतात तोंवर तीं कोणत्या वाटेनें आलीं हें विचारण्याची गरज भासत नाहीं. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा, घड्याळाचा कांटा पुढें सरकत असावा, आणि पडद्यावर ‘जोडणी नाहीं’ एवढींच अक्षरें दिसावींत, म्हणजे एकच गोंधळ उडतो. पालक मुलावर रागावतात, मुलगा यंत्रावर रागावतो, आणि यंत्र बिचारें पुन्हां पुन्हां बंद-चालू केलें जातें. अशा वेळीं दोष कोठें आहे हें शांतपणें शोधून काढण्याची एक रीत आहे. ती आमच्या वाचकांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गेटवे म्हणजे काय?

बिबवेवाडी ही एके काळीं पुण्याबाहेरील वाडी होती. आतां ती शहरांत मिसळून गेली आहे. येथून शिवाजीनगरास जावयाचें झाल्यास सातारा रस्त्यानें स्वारगेटवरून जातां येतें, किंवा मार्केट यार्डाच्या बाजूनें शंकरशेट रस्त्यास लागून लष्करांतून वळसा घेऊनहि जातां येतें. प्रवाशास संपूर्ण वाट पाठ असण्याची गरज नाहीं. प्रत्येक चौकांत ‘येथून पुढें कोणीकडे?’ या एकाच प्रश्नाचें बरोबर उत्तर मिळत गेलें म्हणजे तो मुक्कामास पोहोंचतो.

संगणकांच्या जाळ्यांतहि असेंच आहे. आपण पाठविलेल्या मजकुराचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस आपण पाकिटें म्हणूं. प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता आंकड्यांत लिहिलेला असतो. शाळेचें जाळें जेथें संपतें व बाहेरचें जाळें जेथें सुरू होतें, त्या वेशीवर एक यंत्र बसविलेलें असतें. त्यासच गेटवे म्हणतात. हा वेशीवरचा वाटाड्या पाकिटावरील पत्ता वाचतो, आपल्याजवळील मार्गकोष्टक पाहतो, आणि पाकीट पुढील योग्य चौकाकडे रवाना करतो.

हें मार्गकोष्टक दोन प्रकारांनीं भरतां येतें. पहिला प्रकार म्हणजे माणसानें स्वतः लिहून ठेवणें. यास स्थिर मार्ग म्हणतात. चौकांत रंगवून लावलेल्या पाटीसारखा तो असतो. पुढचा पूल वाहून गेला तरी पाटी तेंच सांगत राहते. दुसरा प्रकार असा कीं, शेजारशेजारचे वाटाडे एकमेकांस वेळोवेळीं बातमी देतात, आणि त्या बातमीवरून आपापलें कोष्टक स्वतःच दुरुस्त करतात. यास डायनॅमिक राउटिंग, अर्थात् चल मार्गयोजना, असें नांव आहे. एक वाट बंद पडली तर पाकिटें आपोआप दुसऱ्या वाटेस लागतात. सोय मोठी खरी. पण बातमी आलीच नाहीं, किंवा खोटी आली, तर वाटाड्या पूर्ण आत्मविश्वासानें चुकीची वाट दाखवितो. तो अडखळत नाहीं, लाजत नाहीं, म्हणूनच त्याची चूक सहज लक्षांत येत नाहीं.

युनिक्सचें घराणें

असे गेटवे ज्या कार्यप्रणालीवर पुष्कळ ठिकाणीं चालतात, ती युनिक्स. तिचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. पुढें बर्कली येथील विद्यापीठाच्या मंडळींनीं १९८३ सालीं काढलेल्या तिच्या आवृत्तींत इंटरनेटचे संकेत अंतर्भूत केले, आणि ‘राउट-डी’ नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅमहि दिला. शेजाऱ्यांच्या बातम्या ऐकून कोष्टक भरणें हें त्याचें काम. त्यानंतर ‘गेट-डी’, १९९६ सालीं ‘झेब्रा’, त्यापासून ‘क्वागा’, आणि २०१७ सालीं ‘एफ-आर-राउटिंग’ असे त्याचे वारस आले. युनिक्सच्याच धर्तीवरील लिनक्स या प्रणालीवर ते आज सर्रास चालतात.

पडद्याआड राहून अखंड चाकरी करणाऱ्या अशा प्रोग्रॅमास ‘डीमन’ म्हणतात. आमच्या लहान विद्यार्थ्यांनीं या शब्दास भिण्याचें कारण नाहीं. एम. आय. टी. या अमेरिकन संस्थेंतील मंडळींनीं १९६३ च्या सुमारास तो उचलला, तो पदार्थविज्ञानांतील मॅक्सवेलच्या काल्पनिक द्वारपालावरून. दोन खणांमधील दार उघडझांप करून हवेचे कण निवडून सोडणारा तो द्वारपाल होता. भुताखेतांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आपल्या देशांत या विद्येचा पाया घातला तो ‘एर्नेट’ या शैक्षणिक व संशोधन-जाळ्यानें. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें १९८६ सालीं हें काम हातीं घेतलें. मुंबईचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, पांच आय. आय. टी. आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था त्यांत होत्या. परदेशाशीं जोडणारा गेटवे मुंबईच्या केंद्रांत होता, आणि तेथून अमेरिकेकडे जाणारी आरंभींची वाट सेकंदास अवघे ९,६०० बिट वाहून नेई. आजच्या मोबाइलनें काढलेलें तीन मेगाबाइटचें एक छायाचित्र त्या वाटेनें धाडावयाचें, तर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. इतक्या अरुंद वाटेवर भरकटलेलें एकेक पाकीट म्हणजे खरेंच नुकसान. त्या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रामाणी यांचें नांव २०१४ सालीं इंटरनेटच्या सन्मान-मालिकेंत दाखल झालें. सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढें २००३ सालीं मुंबईचें तें केंद्र पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेंत विलीन झालें. तेव्हां हा वारसा कांहीं अंशीं पुणेकरांचाहि आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बातमी देण्याच्या तीन रीती

पहिली रीत ‘रिप’. हिचे नियम १९८८ सालीं लेखी प्रसिद्ध झाले. प्रत्येक गेटवे दर ३० सेकंदांनीं शेजाऱ्यास आपलें कोष्टक वाचून दाखवितो : ‘अमुक जाळें माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे.’ ऐकणारा त्यांत एक मिळवितो व लिहून ठेवतो. १५ टप्प्यांपर्यंतचें अंतर ग्राह्य. १६ म्हणजे ‘पोहोंचतां येत नाहीं’. एखाद्या मार्गाची बातमी १८० सेकंद पुन्हां आली नाहीं, तर तो मार्ग मेला असें समजतात.

दुसरी रीत ‘ओ-एस-पी-एफ’. हींत ऐकीव अंतरावर विसंबावयाचें नसतें. प्रत्येक गेटवे आपल्या लगतच्या रस्त्यांची माहिती सर्वांस कळवितो. मग प्रत्येकजण साऱ्या गांवाचा नकाशा स्वतः काढतो, आणि डच गणिती डाइक्स्ट्रा यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें जवळची वाट हिशेबानें ठरवितो. शेजारी जिवंत आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून सामान्यतः दर १० सेकंदांनीं ‘नमस्कार’ धाडला जातो, आणि ४० सेकंद नमस्कार आला नाहीं तर शेजारी गेला असें धरतात.

तिसरी रीत ‘बी-जी-पी’. ती १९८९ पासूनची असून मोठमोठ्या संस्था व देशोदेशींच्या कंपन्या यांच्यामधील व्यवहार तिच्यावर चालतो. एका शाळेच्या आंत तिची क्वचित् गरज पडते.

शोधाची रीत

आतां मुख्य विषयाकडे वळूं. वैद्य ज्याप्रमाणें नाडी पाहण्यापूर्वीं औषध देत नाहीं, त्याप्रमाणें दोष समजल्यावांचून गेटवेच्या मांडणीस हात लावूं नये. पाहणी खालून वर, म्हणजे तारेपासून बुद्धीपर्यंत, करीत जावी.

१. प्रथम तार, खोबणी व दिवे पाहावे. तार निखळली असतां मार्गांची चर्चा करण्यांत अर्थ नाहीं.

२. मग पत्ता व त्याचा मास्क पाहावा. जाळ्याचा भाग कोठें संपतो व यंत्राचा क्रमांक कोठें सुरू होतो, हें मास्क सांगतो. तो एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस भलताच असेल, तर शेजारी असूनहि शेजारी ओळखत नाहींत. ‘पिंग’ या आज्ञेनें लगतच्या यंत्रास हांक मारून पाहावी.

३. युनिक्सच्या यंत्रास दोन जोडण्या दिल्या, म्हणजे तें एकीकडचीं पाकिटें दुसरीकडे देऊं लागेलच असें नाहीं. तशी परवानगी त्यास निराळी द्यावी लागते. लिनक्समध्यें ती एका आंकड्यानें ठरते : ० म्हणजे मनाई, १ म्हणजे परवानगी. यंत्र बंद-चालू झाल्यावर ही परवानगी टिकेल अशी नोंद केलेली नसली, तर काल चालणारा गेटवे आज मुका होतो.

४. त्यानंतर ‘नेटस्टॅट’सारख्या आज्ञेनें मार्गकोष्टक वाचावें. पाहिजे तें जाळें त्यांत आहे काय? असल्यास कोणत्या दाराकडे बोट दाखवीत आहे? येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. डीमनचें टिपण एक, आणि यंत्र प्रत्यक्ष वापरतें तें कोष्टक दुसरें. डीमनला मार्ग ठाऊक असूनहि, त्याच जाळ्याकरितां कोणी हातानें स्थिर मार्ग लिहून ठेविला असल्यास सामान्यतः स्थिर मार्गच मानला जातो.

५. डीमन चालू आहे काय, तो कोणत्या दारावर बोलतो, आणि त्याच्या रोजनिशींत कांहीं तक्रार नोंदली आहे काय, हें पाहावें. पुष्कळ वेळां संबंध दोष त्या रोजनिशींत एका ओळींत लिहिलेला असतो. वाचणारा मात्र कोणी नसतो.

६. मग शेजाऱ्यांचें बोलणें ऐकावें. ‘टीसीपीडंप’ ही आज्ञा तारेवरून येणारीं-जाणारीं पाकिटें दाखविते. बातमी निघते काय, आणि निघालेली पोहोंचते काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांचीं उत्तरें दोन टोकांस जाऊन निरनिराळीं मिळवावीं.

७. बोलणें चालू असून मेळ बसत नसेल, तर दोन्हीकडील अटी जुळवून पाहाव्या. ओ-एस-पी-एफ मध्यें नमस्काराचें अंतर, मास्क, विभागाचा क्रमांक व परवलीचा शब्द हीं सारीं जुळावीं लागतात. मोठ्यांत मोठें किती आकाराचें पाकीट घ्यावयाचें ही मर्यादा दोघांची निराळी असेल, तर नमस्कार होतात पण नकाशांची देवघेव अडून बसते. ओळख होते, मैत्री जमत नाहीं.

८. शेवटीं परतीची वाट पाहावी. जाणारें पाकीट पोहोंचलें, पण उत्तर परत येण्यास वाट नसली, तर पाठविणारास दोन्ही सारखेंच दिसतें. हा दोष सर्वांत अधिक फसवितो.

एक उदाहरण

समजा, बिबवेवाडींतील एका शाळेची मुख्य इमारत रस्त्याच्या एका बाजूस व वसतिगृह दुसऱ्या बाजूस आहे. मुख्य इमारतींतील गेटवेस आपण ‘अ’ म्हणूं; बाहेरच्या जगाशीं जोडणी त्याच्याकडे आहे. वसतिगृहाचा गेटवे ‘ब’. वाचनालयांत ‘क’ नांवाचा तिसरा गेटवे असून तो दोघांसहि जोडलेला आहे, आणि तिघेहि ‘रिप’च्या रीतीनें बोलतात. एके दिवशीं ‘अ’वर नवी संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, बसविण्यांत येते. त्याच सायंकाळीं वसतिगृहांतील मुलांस बाहेरचें कांहींच उघडेनासें होतें. मुलांनींच कांहीं खोडी केली असावी, असा सर्वांचा तर्क होतो.

आतां रीतीनें चालूं. ‘ब’वरून ‘अ’ला हांक मारली, उत्तर आलें. म्हणजे तार ठीक, पत्ते ठीक. वसतिगृहांतील यंत्रावरून ‘अ’ला हांक मारली, उत्तर नाहीं. ‘ब’चें कोष्टक वाचलें; त्यांत बाहेरची वाट ‘अ’कडून आहे असें बरोबर लिहिलेलें आहे. मग ‘अ’चें कोष्टक वाचलें, आणि त्यांत वसतिगृहाच्या जाळ्याचें नांवच नाहीं! येथें गांठ सुटूं लागते. मुलांचीं पाकिटें ‘अ’पर्यंत पोहोंचत होतीं, परंतु त्यांचें उत्तर कोठें द्यावें हें ‘अ’ला ठाऊक नव्हतें. नांव नसलेला पत्ता म्हणजे बाहेरचा, असें समजून तो तीं उत्तरें बाहेरच्या वाटेस लावीत होता. ‘ब’ला मात्र उत्तर मिळे, कारण ‘अ’ व ‘ब’ एकाच तारेवर असल्यामुळें तेथें बातमीची गरजच नव्हती.

‘अ’ला वसतिगृहाची बातमी कां मिळाली नाहीं? ‘ब’वर ऐकलें, दर ३० सेकंदांनीं बातमी निघत आहे. ‘अ’वर ऐकलें, बातमी दारापर्यंत येत आहे. तरी कोष्टकांत उतरत नाहीं. लिनक्सवर ‘टीसीपीडंप’ हें भिंतीच्या बाहेर उभें राहून ऐकतें. तेव्हां दारापाशीं आलेलें पाकीट डीमनच्या कानापर्यंत गेलें असा त्याचा अर्थ होत नाहीं. नव्या भिंतीचे नियम वाचतां कळून आलें कीं, हांकेस उत्तर देण्याची मोकळीक ठेविली आहे, पण ‘रिप’ची बातमी ज्या ५२० क्रमांकाच्या खिडकींतून येते ती खिडकीच बंद केली आहे. ‘क’ला वसतिगृहाची वाट ठाऊक होती, पण त्याची बातमीहि त्याच बंद खिडकीवर आपटत होती. मुलें निर्दोष ठरलीं.

अशा वेळीं एक मोह होतो. ‘अ’च्या कोष्टकांत वसतिगृहाची वाट हातानें लिहून टाकली, कीं काम तत्काळ चालूं लागतें, व सर्वजण सुटकेचा श्वास टाकतात. परंतु हें ठिगळ आहे. पुढें कधीं ‘अ’ व ‘ब’ यांमधील वाट बिघडली, तर ‘क’वरून जाणारी दुसरी वाट शिल्लक असूनहि ‘अ’ त्या लिहिलेल्या ओळीस चिकटून बसण्याचा संभव आहे. आणि ती ओळ कोणी कां लिहिली हें तोंवर सर्व विसरलेले असतील. खरा उपाय एवढाच : ‘ब’ व ‘क’ यांच्याच पत्त्यांवरून येणाऱ्या बातमीपुरती ती खिडकी उघडावी, अर्धा मिनिट थांबावें, आणि कोष्टकांत वसतिगृहाचें नांव उमटलें कीं नाहीं तें पाहावें. नंतर मुद्दाम ‘अ’-‘ब’ तार काढून, पाकिटें ‘क’वरून जाऊं लागतात कीं नाहीं याची परीक्षा घ्यावी. रिपच्या हिशेबानें बदलास कांहीं मिनिटें लागूं शकतात. तितका धीर धरावा.

खोटी बातमी

बातमी न मिळण्यापेक्षांहि खोटी बातमी मिळणें अधिक घातक. रिपमध्यें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘ब’च्या पलीकडील एक जाळें बंद पडलें असें समजा. ‘ब’ तें सांगणार, इतक्यांत ‘अ’ म्हणतो, ‘तें जाळें माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.’ वस्तुतः ‘अ’ला तें ‘ब’कडूनच कळलेलें! ‘ब’ विश्वास ठेवून तीन लिहितो, त्यावरून ‘अ’ चार लिहितो, आणि आंकडा चढत चढत १६ पर्यंत जातो. तोंवर पाकिटें दोघांमध्यें चेंडूसारखीं फेंकलीं जातात. म्हणून नियम केला कीं, ज्याच्याकडून बातमी ऐकली त्यालाच ती परत सांगूं नये. आपणच उठविलेली वदंता फिरून आपल्याच कानावर आली, म्हणजे माणसेंहि तिला पुरावा समजतात. तेव्हां हा नियम यंत्रांपुरताच चांगला आहे असें नाहीं.

मोठ्या जगांतहि हें घडलें आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांत यूट्यूब बंद करण्याकरितां तेथील टेलिकॉम कंपनीनें आपल्या जाळ्यांत एक खोटी वाट लिहिली. ती बातमी चुकून हाँगकाँगच्या एका कंपनीमार्फत जगभर पसरली, आणि सुमारें दोन तास पुष्कळ देशांतील यूट्यूबकडे जाणारीं पाकिटें भलत्याच ठिकाणीं जाऊं लागलीं. शेजाऱ्यानें सांगितलें तें शहानिशा न करतां खरें मानलें, एवढेंच त्याचें कारण. उलट ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकच्या जाळ्यांत दुरुस्तीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेमुळें कंपनीच्या स्वतःच्या वाटांच्या बातम्याच बंद पडल्या, आणि जवळजवळ सहा तास ती सेवा जगास दिसेनाशी झाली. यंत्रें धडधाकट होतीं. त्यांच्याकडे येण्याची वाट तेवढी कोणास ठाऊक नव्हती. म्हणूनच आतां बातमीबरोबर ती देणाराची ओळख पटविण्याच्या युक्त्या योजल्या जात आहेत.

समारोप

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहींजण पुढें हीं यंत्रें सांभाळतील. पुष्कळजण सांभाळणार नाहींत. परंतु वर सांगितलेली रीत दोघांसहि उपयोगी पडेल. आधीं पाहा, मग हात लावा. एका वेळीं एकच बदल करा, आणि तो तारीख-वेळेसह वहींत लिहा. बदलापूर्वींच्या मांडणीची प्रत जपून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता मोकळा राहील. घाईनें सर्व यंत्रें बंद-चालू करूं नका. त्यानें दोष जात नाहीं, फक्त त्याचा माग पुसला जातो. पालकांसहि आमची एक विनंती आहे. जोडणी तुटली म्हणजे जवळ बसलेल्या मुलास दोषी ठरविण्यापूर्वीं बातमी कोठपर्यंत आली व कोठें अडली हें एकदां विचारून पाहावें. कोष्टक वाचण्यास पांच मिनिटें लागतात. निरपराध मुलाच्या मनांतील सल निघण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.